कयाकचे हँडल: नुसता लूप नको, टॉगलच हवा

घरी बनवतोय त्या प्लायवूडच्या कयाकचं (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) डेक म्हणजे वरचं झाकण चिकटवून झालं, काचेचा कपडा (फायबरग्लास) मारून झाला, आणि आता दोन्ही टोकांना हँडल पण बसलेत. मधे काहींनी विचारलं की बॅगेचा पट्टा दोन स्क्रूंनी डेकवर ठोकला की झालं, एवढा पसारा कशाला? गाडीच्या कॅरिअरवर चढवण्यापुरतं चालेल की. पण हँडल खरं लागतं ते कयाक उलटल्यावर, तुम्ही पाण्यात, लाट फुटतेय आणि होडी लोळतेय तेव्हा. नुसत्या दोरीच्या लूपमध्ये बोटं असली आणि होडी गर्रकन फिरली की दोरीला पीळ बसून बोटं आत आवळली जातात, मग सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत, आणि कॉकपिटात (बसायच्या जागेत) शंभरेक लिटर पाणी भरलं असेल तर तेवढे किलो त्या बोटांना ओढतायत. टॉगल, म्हणजे दोरीच्या टोकाला मुठीत धरायची आडवी दांडी, असली की पीळ मुठीच्या बाहेर राहतो, मूठ उघडली की विषय संपला.

दुसरं म्हणजे प्लाय ४ मिमीचा (आयएस ७१० मरीनच घ्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक, दुकानदार काही का सांगेना), त्यात स्क्रू किती धरणार? म्हणून टोकं आतून भरली. कयाक गॅलरीला बांधून उभी केली, आईने बघून कपाळाला हात लावला ते सोडा, आणि एपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) चाळलेला लाकडाचा भुसा घालून नळीने खाली टोकात ओतलं. एकदम ओतायचं नाही हां! एपॉक्सी जाड थरात स्वतःच तापतं, धूर निघतो, तडे जातात. दोनेक सेंमीचा थर, गार होऊ द्यायचा, मग पुढचा. आणि आपल्या पावसाळी दमट हवेत वर मेणासारखा चिकट थर धरतो, तो पाण्याने आणि स्क्रबरने घासून काढल्याशिवाय त्यावर पुढचं काही नीट चिकटत नाही.

मग टोकापासून साधारण ५ सेंमी मागे आडवं १४ मिमीचं भोक, ते पुन्हा एपॉक्सीने भरलं आणि सुकल्यावर मधोमध ८ मिमीचं पाडलं, म्हणजे प्लायची कड कुठेच उघडी राहत नाही, पाणी मुरायचा प्रश्न नाही. भोकाच्या कडा कानशीने गोल केल्या, नाहीतर तिथेच दोरी कातरते.

दोरी ६ मिमी पॉलिएस्टर. नायलॉन ओलं झालं की ताणतं, आणि ती स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीन उन्हात खडखडीत होऊन तुटते. दांडी सागवानाची, ११ सेंमी, मुठीत बसेल इतकी जाड, टोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत. दोरीचे दोन पदर भोकातून दांडीपर्यंत येतात ना, त्यांच्या मधल्या फटीतही बोट जाऊ शकतं, म्हणून दोन्ही पदर नळीच्या तुकड्यातून ओवले. दोरी एवढीच लांब ठेवली की मूठ डेकला घासू नये पण मनगट अडकेल असा फास पण होऊ नये. वारा-लाटेत दांडी डेकवर टकटक करते, तिला बारीक इलॅस्टिकखाली दाबून ठेवलंय, एका हिसक्याला सुटते.

टेस्ट अंगणातच केली. मी दांडी घट्ट धरून बसलो आणि भावाने कयाक गवतावर दोन्ही बाजूंनी पूर्ण लोळवली, दोरीला मस्त पीळ पडला पण हात मोकळा. मग आत पाण्याचे कॅन भरून दोघांनी दोन टोकांनी उचलली, भोकाशी काही हललं नाही.

आता राहिली डेकच्या कडेने फिरणारी धरायची दोरी, म्हणजे डेकलाइन. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायचा विचार आहे. रत्नागिरी-चिपळूणकडे ६ मिमीची रिफ्लेक्टिव्ह दोरी कुठे मिळते का, माहीत असेल तर सांगा रे.