धारावीतला तांबट
आज अखेर भाचीला घेऊन महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाऊन आले. सायन-वांद्रे लिंक रोडवरून शंभरदा तरी गेले असेन, बसच्या खिडकीतून ती हिरवी भिंत बघत. आत मात्र आज पहिल्यांदाच.

निघताना आईला सांगितलं तर म्हणाली, "तिथे? अगं, तिथे कचरा टाकायचे! नाक दाबून जायचो आम्ही." आई सायनची, तिला आठवणारच. मुंबईचं डम्पिंग ग्राउंडच होतं ते. त्या ढिगावर माती घालून झाडं लावली आणि 1994 साली ते लोकांसाठी खुलं झालं. जेमतेम 37 एकर.

आत शिरल्यावर पाच मिनिटांत हॉर्न ऐकू येईनासे झाले असं लिहिणार होते, पण ते खोटं. हॉर्न ऐकू येतातच. विमानं डोक्यावरून जातात. फक्त त्या सगळ्यात एक तांबट पक्षी न थांबता टुक टुक करत होता, आणि भाची मान मोडेस्तोवर त्याला शोधत होती. सापडला नाही. फुलपाखरं मात्र इतकी, की मोजणं तिने सतराला सोडून दिलं.

मागच्या बाजूला मिठी नदी. वारा फिरला की वास येतोच. काठाला तिवरं, पलीकडे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती.

परतताना भाचीचा प्रश्न: "मावशी, कचरा अजून खाली आहे?"

आहे की. आपण त्याच्यावरूनच चालत होतो.

तिने चपला उलट्या करून बघितल्या.