तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुणे येणार, मागे काय लावू?

“जेवायला माणसं येणार आहेत, मागे कुठलं गाणं लावू?” असं मला बरेच जण विचारतात. बेळगावात घरोघरी गाण्याचा कान आहे, त्यामुळे विचारणाऱ्याला खरोखरच काळजी असते. माझं म्हणणं असं: गाणं लावू नका, वाद्य लावा. तेही पानं वाढेपर्यंतच.

आमच्याकडे चार माणसं जमली की मराठी, कन्नड आणि थोडी कोकणी एकदमच चालते. शेजारच्या अक्का कन्नडमधून विचारतात, खानापूरचे मामा मराठीतून उत्तर देतात, आणि दोघांचं छान जमतं. त्यात गायकाचे शब्द मिसळले की कान कुणाकडे द्यायचा? ओळखीचा अभंग असला तर आणखी पंचाईत. कुणीतरी ओळ उचलतं, दुसरा मांडीवर ताल धरतो आणि अक्कांची गोष्ट अर्धीच राहते. बासरी किंवा संतूर असली की असं होत नाही.

पण वाद्य लावलं म्हणजे काम झालं असं नाही. सतार किंवा सरोदची पूर्ण मैफल लावली, तर सुरुवातीचा आलाप निवांत असतो, पुढे लय धरणारा जोड आणि शेवटी ‘झाला’ हा जलद भाग. लय चढत जाते, आवाजही चढतो. नेमकी तेव्हाच आमटी वाढायची वेळ झालेली असते, आणि सगळं घर उगाचच घाईत आल्यासारखं वाटतं. मी नुसते आलाप वेगळे काढून ठेवले आहेत. दुपारी कुणी येणार असेल तर भीमपलास, दिवेलागणीला यमन, रात्री बागेश्री.

आवाज किती ठेवायचा, हे त्याहून महत्त्वाचं. भोवती गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. मग पाहुणे मोठ्यानं बोलतात, संगीत ऐकू येईना म्हणून यजमान ते आणखी वाढवतात. यात हाल होतात म्हाताऱ्या माणसांचे. उतारवयात गलक्यातून बोलणं वेगळं काढणं कानाला जड जातं. आजोबा हसून मान डोलावतात, पण त्यांच्यापर्यंत काही पोचलेलं नसतं. मला ते बघवत नाही. म्हणून पाहुणे यायच्या आधी मी त्यांच्या खुर्चीत बसून आवाज ठरवते. स्पीकर तिथून लांब ठेवते, आणि कोपऱ्यात तर मुळीच नाही. कोपऱ्यात खर्ज घुमतो.

“कुमारजी लावा की!” असा आग्रह हमखास होतो. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातले, सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. अभिमान मलाही आहे, म्हणूनच मी ते जेवताना लावत नाही. एक स्वर येतो, मध्ये थांबतात, आणि बोलणाऱ्याचाही घास हातात राहतो. एरिक साती या फ्रेंच संगीतकारानं १९२० मध्ये पॅरिसला मुद्दाम ‘लक्ष देऊ नका’ असं संगीत वाजवून घेतलं, तर लोक गप्प बसून ऐकायलाच लागले. बोला, फिरा, म्हणून त्यालाच सांगत सुटावं लागलं. आमच्याकडे कुमारजी जेवणानंतर लागतात, कुंदा खाऊन झाला की, आवाज मोठा करून. ज्यांना गप्पा मारायच्या असतात ते खुशाल अंगणात बसतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लावायचं, हेही विचारतात. त्या दिवशी मी काहीच लावत नाही. बायका दारातूनच बोलत येतात, वाणाच्या वस्तू हाताळल्या जातात, एखादी उखाणा घेते आणि बाकीच्या तिला दुसरा घ्यायला लावतात.