उरला नाही, उरवला

"आतला मऊ गर काढ, नाहीतर रस्सा मुरणार कुठे?" शेजारच्या आजींनी बोलियो, म्हणजे इथला रोजचा पाव, माझ्या हातातून घेतला आणि बोटांनी पटकन पोकळ केला.

मेक्सिको सिटी, २५ डिसेंबरची दुपार. काल रात्रीच्या जेवणासाठी त्यांनी खारवलेला कॉड मासा पाणी बदलत बदलत भिजवला होता. मग टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स, बटाटे, मिरच्या. केवढा खटाटोप! आज तोच बकालाओ, म्हणजे हे कॉडचं कालवण, थेट पावात. झाला तोर्ता.

"काल बराच उरला वाटतं?"

"उरला नाही गं, उरवला."

दुपारपासून तो शब्द मनातून जात नाहीये. आईसुद्धा होळीला चार पुरणपोळ्या जास्तच लाटायची. दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात कडक केलेली शिळी पोळी पहिल्यांदा माझ्या ताटात यायची.

तुमच्याकडे सणाचं काय मुद्दाम उरवतात?