अण्णांची दिंडी

ज्येष्ठ लागला की आमचे अण्णा पेरणी आईच्या गळ्यात टाकून पैठणला निघून जायचे, नाथांच्या पालखीबरोबर. पुढं पुढं वारी संपली तरी घरी येईनात. कधी पंढरपूर, कधी आळंदी. मी चौथीत होते तेव्हा गेले ते कायमचेच. ते वारल्याचा निरोपसुद्धा अंत्यविधी उरकल्यावर आला. आजोळी वाढले, त्यामुळं बापाकडचं गाव, घर, माणसं यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. म्हणून यंदा ते चालायचे त्याच दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरली.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी पैठणहून निघते. ‘भानुदास एकनाथ’चा गजर सुरू झाला आणि मला एकदम जाणवलं, नाथांचेही आईवडील ते लहान असतानाच गेले होते. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. पणजोबा भानुदासांचं नाव मात्र आजही त्यांच्या नावाच्या आधी घेतलं जातं. मला माझ्या पणजोबांचं नावही सांगता येत नव्हतं.

रायमोहा, पाटोदा हा ऊसतोडीचा मुलूख. दसऱ्यानंतर आईबाप कोयता घेऊन निघतात, लेकरं म्हाताऱ्यांपाशी. मुक्कामाला पिठलं-भाकरी वाढणाऱ्या पोरी आईच्या मागं मागं फिरत होत्या. दसऱ्यापर्यंतच ती त्यांच्या हाताला लागते. या भागात आईबाप जवळ नसण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मला वाटतं, ते वाटायला पाहिजे.

दिंडीतल्या जुन्या विणेकऱ्यांनी अण्णांना ओळखलं ते माझ्या चेहऱ्यावरून. वीणा जमिनीला टेकवायची नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. राहुटीत वीणेचा पहारा बदलताना मी ते अगदी जवळून पाहिलं. पट्टा घामानं काळा पडलेला, खुंट्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या. ते विणेकरीबाबा म्हणाले, “माय, तुजा बाप रातचा पहारा मागून घ्यायचा. डोळा लागला की त्याला पानी दिसायचं.”

कसलं पाणी, मी विचारलं. “धरनाचं.”

अण्णांचं गाव जायकवाडीखाली गेलं होतं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं हे धरण 1976 साली पुरं झालं, आणि शंभरावर गावं नाथसागरात गेली. बाबा शेजारच्याच बुडीत गावचे. आजोबांनी घराच्या सागवानी तुळया उपसून बैलगाडीवर घातल्या आणि नव्या गावठाणात आणल्या. तिथं घर काही उभं राहिलं नाही. मोबदला आला तसा संपला. अण्णा तेव्हा मिसरूड न फुटलेलं पोर. त्यानंतर ते कुठल्याच छपराखाली रमले नाहीत, असं बाबा सांगत होते. पणजोबांचं नावही त्यांनीच सांगितलं. तेही याच दिंडीतले टाळकरी. मी ते तिथल्या तिथं हातावर लिहून घेतलं.

या धरणानं मराठवाड्याला पाणी दिलं. आमच्या आजोळच्या शेजारची रानं त्याच्याच कालव्यावर भिजतात, मी तेच धान्य खाऊन वाढले. मग अण्णांवरचा राग कुणावर काढायचा? बरं, त्यांचं दुःख कळलं म्हणून आईची वर्षं भरून येत नाहीत. तिनं दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवून आम्हाला शिकवलं. तिचंही घर मोडलंच होतं, पण ती कुठं निघून गेली नाही. अण्णांना मी समजून घेतलं. माफ केलंय असं म्हणवत नाही.

परांड्याच्या मुक्कामावरून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोललीच नाही. लग्न झाल्यापासून एकदाही त्यांनी तिला गावाकडं नेलं नव्हतं, विचारलं की उठून जायचे. तिला वाटायचं, भावकीशी वाकडं असेल. मी म्हटलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जमीन उघडी पडते, लोक तिथं गाळपेर करतात, एखादं जुनं देऊळही वर येतं.

“मंग पुढल्या उन्हाळ्यात जाऊ,” ती म्हणाली. “बाबाला इचारून ठेव, आपलं घर देवळाच्या कोनत्या अंगाला व्हतं.”