बुडबुडे गेल्यावर काय उरतं?

ड्राय स्पार्कलिंग वाइन, म्हणजे गोड नसलेली बुडबुड्यांची वाइन, समोर आली की पहिल्यांदा सगळे ग्लास उजेडात धरतात, बुडबुडे बारीक आहेत का, सरळ रेषेत वर जातायत का वगैरे बघतात आणि तिथेच निम्मा निकाल लावून मोकळे होतात. मला हे काही पटत नाही. बुडबुडे तयार होतात ते बहुतेक वेळा ग्लासला चिकटलेल्या बारीक तंतूंवर नाहीतर तळाशी मुद्दाम पाडलेल्या ओरखड्यांवर, म्हणजे ग्लास कुठल्या फडक्याने पुसलाय याचाच त्यात मोठा वाटा, आणि साबणाचा अंश राहिला असेल तर चांगली शॅम्पेनसुद्धा मरगळलेली दिसते. बुडबुडे जोखायचेच असतील तर तोंडात जोखा, जिभेवर मऊ फेसासारखे पसरतात की सोड्यासारखे टोचतात ते बघा.

आता लेबल. बाटलीवर ब्रूट लिहिलं की एकदम कोरडी, म्हणजे अजिबात गोड नसलेली, असं आपण धरून चालतो, पण युरोपच्या नियमात ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत जवळपास 9 ग्रॅम. एक्स्ट्रा ब्रूटला मर्यादा 6 ची, ब्रूट नेचर 3 च्या आत आणि त्यात वरून साखर घालायची नाही. आणि गंमत म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड, 12 ते 17 ग्रॅम! बाटली बंद करण्याआधी ही जी साखर घालतात त्या डोसाजला मी फोटोवरचा फिल्टर म्हणतो, थोडा असला तर चेहरा खुलतो, जास्त झाला की खाली काय आहे तेच कळत नाही. म्हणून ब्रूट नेचर चाखताना मी जास्त कडक असतो कारण तिथे लपायला जागाच नाही, द्राक्ष कच्चं काढलं असेल तर नुसता आंबट चटका बसतो आणि मागे काहीच येत नाही. उलट काही लोक साखर जितकी कमी तितकी वाइन भारी असं समजतात, तेही खरं नाही.

वासासाठी उंच अरुंद फ्लूट ग्लास बाजूला ठेवा, पोटाला थोडा रुंद ट्युलिप ग्लास घ्या. थंडही फार नको, 8 ते 10 डिग्री पुरे, बर्फगार वाइनला वासच येत नाही. पाव, टोस्ट, बिस्किट असा वास आला तर समजायचं की वाइन बाटलीतच, तिला आंबवून बुडबुडे देऊन मेलेल्या यीस्टवर बराच काळ पडून होती. नियमाने कावाला, म्हणजे स्पेनच्या स्पार्कलिंग वाइनला, बाटलीत एकूण किमान 9 महिने लागतात, साध्या शॅम्पेनला 15, व्हिंटेज म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला तर 3 वर्षं, पण नुसत्या महिन्यांवर जाऊ नका, फळाचा वास पार दाबून फक्त पाव उरला असेल तर मी मार्क कापतो.

आणि माझी खरी परीक्षा इथून पुढे. ग्लासात थोडी वाइन तशीच ठेवून द्या, अर्धा पाऊण तास, गॅस बराचसा जाऊ दे, थंडपणा उतरू दे. गॅसची आणि थंडीची धार गेली की झाकलेली साखर वर येते, आणि डोसाज जरा जास्तच झालेली ब्रूट तेव्हा चक्क चिकट गोड लागते. जिच्यात मुळात दम आहे ती मात्र नुसती पांढरी वाइन म्हणूनही प्यावीशी वाटते, लिंबू सफरचंदासारखा आंबटपणा टिकून, गिळल्यावरही चव रेंगाळते, कधी किंचित खारट. लोक हसतात की हा कोमट वाइन का पितोय, हसू देत.

फक्त प्रोसेकोला, म्हणजे इटलीच्या स्पार्कलिंग वाइनला, ही परीक्षा लावू नका हं. तिचं दुसरं फर्मेंटेशन, म्हणजे बुडबुडे देणारं आंबवणं, बहुतेक वेळा बाटलीत नाही तर मोठ्या टाकीत होतं, यीस्टचा मुरलेला वास तिच्यात असावा अशी कोणाची अपेक्षाच नसते, ताजं फळ आणि फुलांचा वास हाच तिचा माल. तिथे मी एवढंच बघतो की पेअर आणि सफरचंद स्वच्छ येतंय का, शेवटी कडवटपणा राहतोय का, आणि बाटली उगाच वर्षानुवर्षं पडून राहिलेली तर नाही ना.