तुम्ही विचारलंत म्हणून : ‘रश अवर’ टीव्हीवर का टिकला नाही?

मी मालिकांचं एडिटिंग करतो हे कळलं की सिनेमावेडी माणसं हमखास विचारतात : जॅकी चॅन आणि क्रिस टकरचा ‘रश अवर’ एवढा चालला, मग त्याच्यावरची मालिका तेरा भागांतच का गुंडाळली?

अशी मालिका होती हेच अनेकांना ठाऊक नसतं. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ती ३१ मार्च २०१६ला सुरू झाली. मे महिन्यातच ती बंद करायचं ठरलं आणि उरलेले भाग ऑगस्टपर्यंत दाखवून टाकले. सिनेमातलीच दोन पोलिसांची जोडी : हाँगकाँगहून आलेला ली (सिनेमात जॅकी चॅन) इथे झाला होता जॉन फू, लॉस एंजेलिसचा बडबड्या कार्टर (सिनेमात क्रिस टकर) झाला होता जस्टिन हायर्स.

नट कमी पडले, असं लोक पटकन म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. हायर्स स्टँड-अप करून आलेला, त्याला वाक्य कुठे तोडायचं ते कळतं. आणि जॉन फू तर २००५च्या ‘टॉम यम गूंग’ या थाई सिनेमात त्याचा नायक, मारामारीत तरबेज टोनी जा याच्याशी भिडलेला गडी. अंगात विद्या असलेला माणूस पडद्यावर नुसता वळला तरी कळतो. कमी पडले ते शूटिंगचे दिवस.

१९९८च्या सिनेमाचा शेवट आठवा. चिनी कलावस्तूंचं प्रदर्शन भरलंय, ली गुंडांशी मारामारी करतोय आणि शेजारी माणसाएवढ्या जुन्या फुलदाण्या कलंडतायत. एका हातानं मार अडवायचा, दुसऱ्या हातानं फुलदाणी सावरायची, पुन्हा गुंडाकडे वळायचं. त्याला जिवापेक्षा त्या भांड्यांची काळजी जास्त. तिथे एकही विनोदी वाक्य नाही, तरी आपण हसतो. कारण हात, फुलदाणी आणि गुंड, तिन्ही एकाच फ्रेममध्ये दिसतात. ठोसा एका शॉटमध्ये आणि फुलदाणी दुसऱ्या शॉटमध्ये लावली की हसू मेलंच.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या एका मालिकेत हवालदार चोराला पकडता पकडता टपरीवरची चहाची किटली वाचवतो, असा सीन होता. दिग्दर्शकाला तो सलग हवा होता. तिसऱ्या टेकला किटली अचूक हातात आली, पण चोर फ्रेमबाहेर गेला. चौथ्या टेकला वेळ नव्हता, एपिसोड रात्री जायचा होता. मी किटलीचा क्लोज-अप घातला, मग चोराची कॉलर, मग हवालदाराचा चेहरा. काय घडलं ते सगळ्यांना कळलं, हसलं कोणीच नाही. आजही तो सीन समोर आला की वाईट वाटतं.

आता हिशेब बघा. १९९४च्या ‘ड्रंकन मास्टर २’मधली शेवटची एक मारामारी चित्रित करायला जॅकी चॅनला सुमारे चार महिने लागले. अमेरिकन वाहिनीवरचा तासाभराचा भाग, म्हणजे जाहिराती वगळून साधारण ४२-४३ मिनिटं, आठेक दिवसांत शूट करावा लागतो. मग मारामारी तुकड्यांत घ्यायची आणि गंमत संवादांवर सोपवायची, एवढंच हातात उरतं. मालिकेत नेमकं तेच झालंय असं मला दिसतं : आधी हाणामारी, मग थट्टा. सिनेमात दोन्ही एकाच श्वासात यायची.

दुसरंही कारण आहे, पण ते छोटं. सिनेमात कार्टर विमानतळावर ‘ली’ला इंग्रजी समजतं का म्हणून ओरडून ओरडून विचारतो आणि ली नुसता हसत राहतो. दोन अनोळखी माणसांमधली ही मजा एकदाच येते. दर आठवड्याला त्यांना पुन्हा अनोळखी कसं करणार?

मालिका बघाच, जॉन फूसाठी तरी बघा. फक्त त्याआधी सिनेमाच्या शेवटी, नावं येत असताना दाखवलेले चुकलेले टेक बघून घ्या. वाक्य अडतं, उडी चुकते, सगळे हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा सुरू करायला त्यांच्याकडे दुसरा दिवस असायचा. जॉन फूचे असे चुकलेले टेक मला बघायचे होते.