अक्काचे दात

भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर सात रस्त्याला सिग्नलला थांबले असताना शेजारच्या स्कूटरवरूनही विचारलं गेलं: "अहो, एवढ्या म्हाताऱ्या मांजरीला भूल द्यायला तुमचा जीव कसा धजावला?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तोंडाला वास मारणारं एखादं मांजर असतं, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. धजावला नव्हता. सव्वा वर्ष धजावला नव्हता.

अक्का तेव्हा १४ वर्षांची होती. ती भुकेनं ताटलीपाशी यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि ताटलीच चावल्यासारखी मागे उडी मारायची. मग मान तिरकी करून एकाच बाजूनं खायची, अर्धं खाली सांडायची. अंग चाटणं सुटलं होतं, पाठीवरचे केस गुठळ्या होऊन बसले होते. आम्ही म्हणायचो, वय झालं. सासूबाई म्हणायच्या, "मलाही कुठं दात आहेत? मी खातेच की भाकरी कुस्करून." सोलापूरची कडक भाकरी त्या कशी कुस्करतात ते वेगळं सांगायला हवं, पण मुद्दा कळला.

तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "वय बघा हिचं. भूल सोसायची नाही." ते एक इंजेक्शन द्यायचे, दहा-बारा दिवस अक्का बरी खायची, पुन्हा तेच. कबूल करते, मला त्यांचं उत्तर आवडलं होतं. मला काही ठरवावं लागत नव्हतं ना.

मग एका संध्याकाळी ती जांभई देता देता किंचाळली. जांभई देताना! दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालच्या जबड्यातल्या एका दाढेला कापसाची काडी नुसती टेकवली, तर सगळा जबडा थंडी वाजल्यासारखा कडकडायला लागला. ते म्हणाले, ही कीड नाही. मांजरांच्या दातांत होतं असं. शरीर स्वतःच दात पोखरून विरघळवत जातं. वरून हिरडीशी लाल ठिपका तेवढा दिसतो, खरा पसारा मुळाशी असतो आणि तो एक्स-रेशिवाय दिसत नाही. आता जागं मांजर तोंडात एक्स-रेची पट्टी धरून बसेल का? भुलीशिवाय दात साफ करून देतो म्हणणारे भेटतात, पण त्यात वरचं कीटण निघतं, दात पांढरे दिसतात आणि हिरडीखालचं दुखणं तसंच राहतं. म्हणजे भूल टाळायची तर दुखणं ठेवून घ्यायचं. मी इतके दिवस भीत होते ते एका दिवसाच्या धोक्याला, आणि रोजचं दुखणं मात्र तिच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

आता धोका. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ७९ हजार मांजरींची पाहणी झाली होती. धडधाकट मांजरींत साधारण नऊशेत एक दगावली, आजारी असलेल्यांत सत्तर-एकाहत्तरात एक. वाढत्या वयानं धोका वाढतो, हेही त्यातच आहे. ते लपवणार नाही. पण नऊशे आणि सत्तर यांतलं अंतर बघा. म्हणजे माझा पहिला प्रश्न "वय किती" हा नव्हताच. "हिला आत काय काय झालंय" हा होता, आणि तो सव्वा वर्षात कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

रक्त तपासलं, लघवी तपासली, थायरॉइड पाहिलं, रक्तदाब मोजला. (मांजराचा रक्तदाब मोजतात, पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून. सासूबाई ते बघायला मुद्दाम आल्या होत्या.) छातीत थोडा जादा आवाज होता म्हणून हृदयाची सोनोग्राफी झाली, ते ठीक निघालं. किडनी मात्र काठावर होती. तरी डॉक्टरांनी भूल रद्द केली नाही, बेत बदलला: आधीपासून सलाईन, रक्तदाब सतत डोळ्यांसमोर, दुखण्याचं औषध किडनीला जपून.

दातांचं एक्स-रे मशीन पुण्याला होतं. फेब्रुवारीतच उरकायचं ठरवलं, कारण एप्रिलच्या सोलापुरात मांजराला टोपलीत घालून अडीचशे किलोमीटर न्यायचं म्हणजे वेगळीच शिक्षा. आदल्या दिवशी निघालो. अक्का मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत एका सुरात ओरडली, इंदापूरला दमून झोपली, भिगवणला पुन्हा सुरू. रात्री नणंदेकडे मुक्काम. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला खाणं बंद, पाणी ठेवलेलं.

सकाळी मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. दात काढणारा आणि भुलीवर लक्ष ठेवणारा माणूस वेगवेगळा आहे ना? तिला ऊब कशानं देणार? लहान जिवाचं अंग भुलीत भराभर गार पडतं. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा लावता का? तो जबडा फार ताणून धरतो, मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि मांजर आंधळं झाल्याची उदाहरणं आहेत. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही लावत." मग स्वतःहून म्हणाल्या की हिरडीतही बधिर करणार, म्हणजे भुलीचा वायू कमी पुरतो. त्या वाक्यानं माझे हात थरथरायचे थांबले नाहीत, पण मी सहीच्या जागी सही केली.

अडीच तास. नवरा तीनदा चहा पिऊन आला. पाच दात निघाले. दोन दाढांची मुळं एक्स-रेत पाण्यात खडीसाखर विरघळावी तशी दिसत होती.

बाई बाहेर येऊन "झालं छान" म्हणाल्या तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला, मी सोडला नाही. त्याच पाहणीत वाचलं होतं की दगावलेल्या मांजरींपैकी निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया संपल्यावर दगावल्या, आणि त्याही बहुतेक पहिल्या तीन तासांत. टेबलावरचं लक्ष उठतं ना, तेव्हा. म्हणून मी म्हटलं, मला आत बसू द्या. बसू दिलं. गरम पॅडवर, घरून नेलेल्या आमच्या सोलापुरी चादरीत ती गुंडाळलेली होती, आणि मी तीन तास तिच्या पोटाचं वर-खाली होणं मोजत होते. मध्ये तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. मग ओळखलं आणि फिसकारली. इतका आनंद मला फिसकारण्याचा कधी झाला नव्हता.

घरी आल्यावर दिरांनी प्रेमानं सुचवलं, "पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडा दे की, दुखत असेल." कृपा करून कुणी देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे, तेवढा तुकडाही जीव घेतो.

चौथ्या दिवशी तिनं सगळं अंग चाटून काढलं, शेपटीपर्यंत. सव्वा वर्षानं. दोन महिन्यांत अर्धा किलो वाढली. नसलेल्या दातांचं तिला काही नाही. मांजर तसंही चावत बसत नाही, तोडतं आणि गिळतं.

भीती गेली का? नाही हो. पुढच्या वर्षी पुन्हा भूल द्यावी लागली तर पुन्हा हात थरथरतील, पुन्हा कागदावर प्रश्न लिहीन. काल समोरच्या काकू आल्या, त्यांचा बोका बारा वर्षांचा, लाळ गाळतोय. दारातूनच म्हणाल्या, "काय करू गं, भूल सोसंल का त्याला?"

मी म्हटलं, "काकू, आत या. आधी सांगा, त्याची लघवी तपासलीत का?"

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "ती कशात धरायची?"

चहा ठेवला. हे सांगायला वेळ लागतो.